सनद नसताना कोर्टात किती काम करता येतं?

कायदा शिकणाऱ्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनी पाठवलेल्या प्रश्नांची उत्तरं या अंकात देत आहोत.

प्रश्न : मी तीन वर्षांच्या एलएलबीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सुट्टीत तालुका कोर्टात एका वकीलसाहेबांच्या हाताखाली काम शिकतो. ते जिल्ह्याला जाणार असले की म्हणतात, ‘पुकारा झाला की उभा राहा आणि पुढची तारीख घे.’ हे चालतं का?
– विद्यार्थी, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : नाही चालत. अधिवक्ता अधिनियम, १९६१ च्या कलम २९ आणि ३३ नुसार वकिली फक्त सनद घेतलेल्या, म्हणजे बार कौन्सिल या वकिलांच्या नियामक संस्थेकडे नोंदणी झालेल्या, वकिलालाच करता येते. पेशीला उभं राहून तारीख मागणं हीसुद्धा पक्षकाराच्या वतीने हजेरीच आहे. बेकायदा वकिलीसाठी कलम ४५ मध्ये सहा महिन्यांपर्यंत कैद सांगितली आहे.

त्याहून मोठा धोका पक्षकाराला आहे. समोरच्या वकिलांनी हरकत घेतली, की रोजनाम्यात (कोर्टाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीत) ‘वादीतर्फे कोणी हजर नाही’ अशी नोंद होऊ शकते आणि दावा गैरहजेरीत निकाली निघतो. पक्षकार प्रतिवादी असेल तर एकतर्फी हुकूम होतो. दोन्ही रद्द करून घ्यायला साधारण ३० दिवसांची मुदत असते. खेड्यातल्या माणसाला दावा गेल्याचं कळेपर्यंतच ते दिवस अनेकदा सरलेले असतात.

यावर उपाय सोपा आहे. साहेबांनी वकालतनाम्यात (पक्षकाराने वकील नेमल्याच्या कागदात) सोबतच्या एखाद्या सनदधारक वकिलाचं नाव सुरुवातीलाच घालावं. बाहेर जायचं असेल तर कारण लिहून, सही करून तारखेचा अर्ज आदल्या दिवशी तयार ठेवावा, आणि तो त्या वकिलाने द्यावा. तुम्ही फाईल लावा, पुढची तारीख आणि ती कशासाठी नेमली आहे (कैफियत म्हणजे प्रतिवादीचं लेखी उत्तर, साक्षीपुरावा की युक्तिवाद) ते डायरीत लिहून घ्या आणि त्याच दिवशी पक्षकाराला फोनवर कळवा. बँड आणि गाऊन घालू नका, पक्षकाराकडून पैसे घेऊ नका, आणि कुणी ‘वकीलसाहेब’ म्हटलं तर लगेच दुरुस्त करा.

प्रश्न : माझी मुलगी कायद्याच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमचा धुऱ्याचा, म्हणजे शेताच्या बांधाचा, दावा चालू आहे. मी तिला मुखत्यारपत्र करून दिलं तर ती आमच्याकडून बोलू शकेल का?
– शेतकरी, ता. हिंगणघाट, जि. वर्धा

उत्तर : दिवाणी दाव्यात मुखत्यार तुमच्या वतीने हजर राहू शकतो, अर्ज आणि कागदपत्रं दाखल करू शकतो. युक्तिवाद आणि उलटतपासणी मात्र मुखत्यारपत्राच्या जोरावर करता येत नाही. त्यासाठी अधिवक्ता अधिनियमाच्या कलम ३२ खाली त्या एका प्रकरणापुरती न्यायालयाची परवानगी लागते. ती आधी आणि लेखी मागावी : मुलीचं शिक्षण, तुमच्याशी नातं, वकील न देण्याचं कारण आणि तुमची संमती त्यात असावी. परवानगी देणं न देणं सर्वस्वी न्यायालयाच्या मर्जीवर आहे. ती मागणाऱ्याचा हक्क नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये हरिशंकर रस्तोगी प्रकरणात स्पष्ट केलं आहे. दिलेली परवानगी मधेच काढूनही घेता येते.

अशा दाव्यांत नेहमी होणारी एक चूक टाळा. धुरा कधी कोरला, कोण काय बोललं, हे तुम्ही पाहिलं आहे. त्याची साक्ष मुखत्याराने दिली तर उपयोग नाही. तुमच्या स्वतःच्या माहितीतल्या गोष्टींवर मुखत्यार तुमच्या जागी साक्ष देऊ शकत नाही, असा २००४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे (जानकी भोजवानी प्रकरण). पिंजऱ्यात तुम्हालाच उभं राहावं लागेल. आमचा सल्ला असा, की धुऱ्याच्या दाव्यासाठी वकीलच द्या. वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत असेल तर तालुका विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळतो. स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींच्या पक्षकारांना उत्पन्नाची अट नाही.

प्रश्न : आमच्या कॉलेजचं विधी सहाय्य केंद्र गावात भरतं. आम्ही दहा विद्यार्थी आणि एक प्राध्यापिका असतो. लोक फेरफाराचे (जमिनीच्या नोंदीतल्या बदलाचे) आणि सावकारीचे कागद घेऊन येतात. आम्ही कुठपर्यंत जावं?
– विद्यार्थिनी, ता. आर्णी, जि. यवतमाळ

उत्तर : पुष्कळ पुढे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ मध्येच लॉ कॉलेजांच्या केंद्रांची तरतूद आहे. ऐकणं, कागद तपासणं, घटनाक्रम लिहिणं, अर्जाचा मसुदा करणं, योग्य कार्यालयाचा पत्ता सांगणं यासाठी सनद लागत नाही. प्रत्येक मसुदा मात्र प्राध्यापिकेच्या किंवा तालुका विधी सेवा समितीच्या वकिलाच्या नजरेखालून जावा, आणि सही अर्जदाराची असावी.

पहिला प्रश्न ‘काय झालं’ हा विचारू नका. ‘आदेश कोणत्या तारखेचा, आणि तुम्हाला कधी मिळाला?’ हे विचारा. मंडळ अधिकाऱ्याने फेरफार मंजूर केला असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेखाली उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील करायला ६० दिवस असतात. आदेशाच्या नकलेसाठी त्याच दिवशी अर्ज लावा, कारण नक्कल मिळायला लागलेले दिवस मुदतीतून वगळले जातात. मुदत उलटलीच असेल तर अपिलासोबत विलंब माफीचा अर्ज जोडायचा, आणि त्यात उशीर कशामुळे झाला ते तारखांसह लिहायचं. ‘अडाणी असल्यामुळे’ एवढं एकच वाक्य सहसा पुरत नाही.

सावकारीत कर्जापोटी शेताचं खरेदीखत करून घेतलेलं असतं. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ च्या कलम १८ खाली जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे अर्ज करता येतो. व्यवहार अर्जाच्या तारखेपासून मागच्या १५ वर्षांतला असावा लागतो. आरोप सिद्ध झाला तर उपनिबंधक खरेदीखत अवैध ठरवून ताबा परत देऊ शकतात. अर्ज बहुतेकदा पुराव्याअभावी पडतात, म्हणून तुमचं खरं काम इथेच आहे. खरेदीखतानंतरच्या वर्षांचे सातबारे काढा आणि पीकपाहणीत वहिवाट कुणाची लागली आहे ते पाहा. खरेदीची रक्कम आणि त्या वर्षीचा शासकीय दर शेजारी-शेजारी मांडा. त्याच सुमाराची इसारचिठ्ठी, परतफेडीच्या नोंदी आणि बँकेचा उतारा शोधा. त्याच माणसाने गावात आणखी किती जणांकडून अशी खतं करून घेतली, तेही विचारा. एकापेक्षा जास्त व्यवहार दिसले की सावकारीचा धंदा दाखवणं सोपं जातं.

मूळ कागद कधीही ठेवून घेऊ नका. छायाप्रत काढा आणि मूळ तिथेच परत करून वहीवर सही घ्या. ‘निकाल तुमच्याच बाजूने लागेल’ असं कुणालाही सांगू नका.

केंद्रात ऐकलेल्या मुलाखतींची नोंद तुमच्या इंटर्नशिप डायरीतही करा. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांप्रमाणे तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला २० आठवडे इंटर्नशिप लागते. दोन खटले पाहून त्यांच्या नोंदी ठेवणं आणि पक्षकारांच्या दोन मुलाखतींना हजर राहणं हेही इंटर्नशिपच्याच विषयाच्या गुणांत धरलं जातं.

प्रश्न : अमेरिकेत विद्यार्थी देखरेखीखाली कोर्टात उभे राहतात म्हणे. आपल्याकडे का नाही?
– विद्यार्थी, चिमूर, जि. चंद्रपूर

उत्तर : तिथल्या वकील संघटनेने १९६९ मध्ये नमुना नियम केला : चार सत्रं पूर्ण, डीनचं प्रमाणपत्र, गरीब पक्षकाराची लेखी संमती आणि देखरेख करणारा वकील. पुढे राज्यांनी आपापले नियम केले. कॅलिफोर्नियात एक वर्षाचं शिक्षण पुरतं, पण पुराव्याचा कायदा आणि दिवाणी प्रक्रिया हे विषय शिकलेले किंवा चालू असावे लागतात. आपल्याकडे असा नियम नाही. बार कौन्सिलने १९९५ मध्ये सनदेआधी एक वर्षाचं प्रशिक्षण सक्तीचं केलं होतं, पण तसा अधिकार कायद्याने दिलेला नाही म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये ते रद्द केलं (व्ही. सुदीर प्रकरण; २०२३ मध्ये घटनापीठाने हा निकाल योग्य मानला नाही). आमच्या मते मोफत विधी सहाय्याच्या प्रकरणांपुरता तरी देखरेखीचा नियम इथे यायला हवा, आणि त्यासाठी संसदेने अधिवक्ता अधिनियमातच दुरुस्ती करणं हा सरळ मार्ग आहे. तोवर ग्राहक आयोगाचा रस्ता खुला आहे. तिथे वकील नसलेल्या प्रतिनिधीलाही पक्षकाराचं लेखी अधिकारपत्र आणि आयोगाची परवानगी घेऊन बाजू मांडता येते. बोगस बियाणं किंवा नाकारलेला विमा यांच्या तक्रारी तिथेच जातात. बियाण्याच्या तक्रारीत रिकामी पिशवी, त्यावरचा लॉट क्रमांक, पक्की पावती आणि तालुका तक्रार निवारण समितीचा पंचनामा एवढं हाताशी ठेवा. पंचनामा पीक उभं असतानाच व्हायला हवा.