हात ओला, रीडिंग वेगळं

प्रश्न : मल्टिमीटर ओहमवर (म्हणजे रेझिस्टन्स, विजेला होणारा अडथळा मोजायच्या सेटिंगवर) ठेवून दोन्ही प्रोब दोन हातांच्या चिमटीत धरले तर १ मेगाओहमच्या वर आलं, हात धुऊन अर्धवट पुसून धरले तर एकदम १५० किलोओहम, आणि हात वाळत गेले तसं परत चढायला लागलं. मीटर बिघडलाय का? शरीराचा खरा रेझिस्टन्स यातला कुठला?

उत्तर : मीटर ठणठणीत आहे आणि दोन्ही आकडे खरे आहेत, फक्त तुम्ही मोजताय ते बहुतेक कातडीच्या वरच्या मेलेल्या पेशींचा थर आहे, शरीर नाही! आत सगळं खारट पाणी, तिथे एका हातापासून दुसऱ्या हातापर्यंत जेमतेम काहीशे ओहम, म्हणजे तुमच्या मेगाओहमातलं जवळपास सगळं त्या दोन चिमटींतच अडकलेलं. हा थर कोरडा असला की करंट अडवून धरतो, ओला झाला की पाणी आत मुरतं, घामातलं मीठ त्यात विरघळतं आणि आयनांना (मिठाच्या विद्युतभारित कणांना) वाट मिळते, शिवाय प्रोबला कातडी नीट चिकटते म्हणून टेकणारी जागाही वाढते. नुसतं जोरात दाबलंत तरी आकडा उतरेल, करून बघा.

मला यातली सगळ्यात आवडणारी गोष्ट वेगळीच आहे. प्रोब बोटांना टेपने बांधा, हात अजिबात हलवू नका आणि कोणाला तरी मागून अचानक टाळी वाजवायला सांगा. एक ते तीन सेकंदांत रेझिस्टन्स जरासा खाली येतो, कारण दचकल्यावर तळहातातल्या घामाच्या नळ्या भरतात, तुम्हाला ओल जाणवतसुद्धा नाही पण मीटरला कळतं. फ्रान्समध्ये चार्ल्स फेरे या डॉक्टरांनी १८८८ मध्येच हे नोंदवलं होतं.

ईसीजीच्या पॅचला ओली जेल असते ती याचसाठी, वाळलेला जुना पॅच लावला तर रेघ थरथरते. फॅट दाखवणारा वजनकाटा बहुधा ५० किलोहर्ट्झचा करंट वापरतो, तो कातडीतून सहज जातो म्हणून फरक कमी पडतो, पण तळवे कोरडे ठणठणीत असतील तर तोही गंडतो.

एक मात्र कळकळीने सांगतो, हा प्रयोग मीटरच्या बॅटरीवरच करायचा. मेनच्या व्होल्टेजला तो वरचा थर फाटतो, ओल्या हाताचा रेझिस्टन्स हजार ओहमच्या आसपास येतो, आणि २३० व्होल्टला तेवढ्यातून जाणारा करंट जीव घ्यायला पुरतो.