"चेडवाचा शिक्षाण संपतला कधी?"

वेंगुर्ल्याचे एक आंबा बागायतदार पावसाळ्यात कुडाळला माझ्याकडे समुपदेशनासाठी आले. मुलगी पुण्यात रेणवीय जीवशास्त्रात पीएचडी करते. वय २९, पाचवं वर्ष. (ओळख पटेल असे तपशील बदललेत.) खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाले, "मॅडम, चेडवाचा शिक्षाण संपतला कधी? लोक इचारतत."

अशा पालकांना पूर्वी मी शास्त्रज्ञ बार्बरा मॅक्लिंटॉक यांची गोष्ट सांगायचे. मक्यातली जागा बदलणारी जनुकं त्यांनी १९५१ साली परिषदेत मांडली. नोबेल मिळालं १९८३ मध्ये, ८१व्या वर्षी. एका आईने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मगे तवसर घर कोणी चलवचा?" तेव्हापासून सांगत नाही.

मुलीशी फोनवर एकटीशी बोलले. दोन वर्षं ती गणपतीला आली नव्हती, आरतीला जमलेले सगळे तेच विचारणार म्हणून. पण खरं दुखणं वेगळंच निघालं. नेट-जेआरएफ, म्हणजे नेट परीक्षेतून मिळणारी संशोधनाची फेलोशिप, जास्तीत जास्त पाच वर्षं मिळते. सध्या पहिली दोन वर्षं महिना ३७ हजार, पुढे ४२ हजार, घरभाडं वेगळं. तिची मार्चमध्ये संपणार होती आणि शेवटचा प्रयोग जमत नव्हता. यातलं घरी काहीच सांगितलेलं नाही, पैशांचा आकडासुद्धा नाही. बाबांना वाटायचं, पोर नापास होतेय.

चतुर्थीला ती आली. दोघांना समोर बसवलं आणि तिला म्हटलं, प्रयोगशाळेतला एक दिवस सांग, फक्त एक.

खाऱ्या जमिनीत तगणाऱ्या भाताचा डीएनए काढला, पीसीआरला, म्हणजे त्यातल्या एका तुकड्याच्या प्रती वाढवायला लावला. यंत्र नळी ९५ अंशांपर्यंत तापवतं, पुन्हा निववतं, असं ३५ वेळा. हवा तो तुकडा दर फेरीला जवळपास दुप्पट होतो. संध्याकाळी जेलवर, म्हणजे डीएनए पट्टीसारखा दिसतो त्या थलथलीत थरावर पाहिलं, तर पट्टीच नाही.

"जेल?" बाबा दचकले. मग स्वतःच हसले. "कलम नाय जगला तर मी काडी बदलतंय. तू काय बदलतंस?"

प्रायमर म्हणजे प्रत सुरू करून देणारे डीएनएचे छोटे तुकडे, तापमान, मॅग्नेशियम... अर्धा तास ती सांगत होती. मी मध्ये पडले नाही.

पुढचं काम रुक्ष होतं. कोणता प्रयोग वगळून थिसिस देता येईल, हे गाईडना लेखी विचारायचं. पीएचडीनंतर पोस्टडॉकची, म्हणजे तात्पुरत्या संशोधनाच्या नोकरीची वर्षं असतात, कायम जागा थोड्या, हेही बाबांसमोरच सांगितलं. रोगनिदान प्रयोगशाळा, बियाणं आणि लस कंपन्या यांच्याकडे मार्चची वाट न बघता आत्ताच अर्ज करायचे ठरले.

त्या रात्री आरतीनंतर कुणीतरी विचारलंच. बाबा म्हणाले, "ती शिकणा नाय, काम करता. ४२ हजार गावतत."