सरकारला कायद्यांत बदल सुचवणाऱ्या विधी आयोगाच्या शिफारशीचा कायदा कसा होतो? आयोगाने सांगितलं की सरकारला ते करावंच लागतं का?

नाही, करावं लागत नाही. वकिली करताना हा प्रश्न मला बरेचदा ऐकायला मिळतो, कारण ‘विधी आयोगाची शिफारस’ अशी बातमी आली की कायदा बदललाच, असं पुष्कळांना वाटतं.

विधी आयोग संसदेच्या कायद्याने नव्हे, तर सरकारी आदेशाने नेमला जातो, साधारण तीन वर्षांसाठी. स्वतंत्र भारतातला पहिला आयोग १९५५ साली मोतीलाल सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखाली नेमला गेला. विषय बहुधा कायदा मंत्रालय देतं, काही वेळा आयोग स्वतःहून घेतो. अहवाल कायदामंत्र्यांकडे जातो, संसदेच्या पटलावर ठेवला जातो आणि मग ज्या मंत्रालयाचा तो विषय असेल त्याच्याकडे पाठवला जातो. त्या मंत्रालयाला पटलं तरच पुढे मंत्रिमंडळाची मंजुरी, विधेयक, दोन्ही सभागृहं, राष्ट्रपतींची संमती आणि अंमलाची अधिसूचना. मंत्रालयाने किती दिवसांत उत्तर द्यायचं, याला मुदतच नाही.

भादंविचं, म्हणजे जुन्या भारतीय दंड संहितेचं, कलम ३०९ घ्या. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसाला एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकायचं. जीव वाचलेल्या माणसावरच गुन्हा! त्या धास्तीने घरचे लोक डॉक्टरांनाही ‘अपघात झाला’ असंच सांगायचे. हे कलम काढून टाका, असं आयोगाने १९७१ सालीच ४२व्या अहवालात सांगितलं. १९७८ मध्ये तसं विधेयक राज्यसभेने मंजूर केलं, पण लोकसभेत ते पारित होण्याआधीच १९७९ साली लोकसभा विसर्जित झाली. राज्यसभेने मंजूर केलेलं विधेयक लोकसभेत प्रलंबित असताना ती विसर्जित झाली, तर ते व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपुष्टात येतं. म्हणजे सगळं पुन्हा पहिल्यापासून.

मध्यंतरी न्यायालयं पुढे आली. १९८६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्या. पी. बी. सावंत यांच्या खंडपीठाने हे कलम घटनाबाह्य ठरवलं. १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच म्हटलं, पण १९९६ मध्ये घटनापीठाने तो निकाल फिरवला. आणि १९९७ मध्ये खुद्द आयोगाने १५६व्या अहवालात कलम ठेवावं असं सांगितलं! २००८ च्या २१०व्या अहवालात पुन्हा ‘काढून टाका’. आयोगाचे अध्यक्ष-सदस्य बदलतात आणि मागच्या आयोगाचं मत नव्याला बांधत नाही, हेही लक्षात ठेवा.

त्यानंतरही सरळ काही घडलं नाही. फौजदारी कायदा समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्यं दोघांनाही कायदे करता येतात अशा विषयांत, असल्यामुळे गृह मंत्रालयाने राज्यांची मतं मागवली. १८ राज्यं आणि ४ केंद्रशासित प्रदेश अनुकूल आहेत, असं डिसेंबर २०१४ मध्ये राज्यसभेत सांगण्यात आलं, तरी कलम होतं तिथेच राहिलं. पहिला खरा दिलासा आला तो आरोग्य मंत्रालयाकडून. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ ने असा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरलं आणि त्याच्यावर खटला चालवू नये असं सांगितलं. शेवटी भादंविच्या जागी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुनं कलम ३०९ आलं नाही. मात्र लोकसेवकावर दबाव आणण्यासाठी केलेला आत्महत्येचा प्रयत्न कलम २२६ खाली अजूनही गुन्हा आहे. उपोषणाला बसणाऱ्यांच्या दृष्टीने मला हे कलम काळजीचं वाटतं. आणि या संहितेची तयारीही विधी आयोगाने नव्हे, तर गृह मंत्रालयाने २०२० मध्ये नेमलेल्या वेगळ्या समितीने केली होती.

नेहमी असंच होतं असं नाही. १९६९ च्या ४१व्या अहवालावरून १९७३ ची फौजदारी प्रक्रिया संहिता चार वर्षांत आली. तेव्हा सरकारला तो कायदा हवा होता. उलट, गैरव्यवहार उघड करणाऱ्यांना संरक्षण द्या, असं १७९व्या अहवालात २००१ साली सांगितलं. त्याचा कायदा २०१४ मध्ये झाला, पण त्यानंतर दहा वर्षं उलटली तरी तो अंमलात आणला नव्हता.

इंग्लंडमध्ये विधी आयोग १९६५ च्या कायद्याने उभा आहे. २००९ च्या दुरुस्तीनंतर तिथल्या मंत्र्याला कोणत्या शिफारशी अमलात आणल्या, कोणत्या नाहीत आणि का, हे दरवर्षी संसदेला सांगावं लागतं. आपल्याकडे निदान एवढं तरी व्हायलाच हवं, असं मला मनापासून वाटतं.

तुम्हाला एखाद्या अहवालाचा पाठपुरावा करायचा असेल, तर आयोगाला विचारून फारसं हाती लागणार नाही. तो विषय ज्या मंत्रालयाचा आहे तिथे माहिती अधिकारात अर्ज करा आणि अहवालाचा क्रमांक लिहून फाईलची सद्यस्थिती व त्यावरचे शेरे मागा.