कोपऱ्यात पिशव्या टाकणाऱ्यांचं काय करायचं?

अपार्टमेंटमधले दोघं-तिघं जिन्यात कचरा टाकतात, सांगून ऐकत नाहीत, असं विचारलंय ना, आमच्या सांगलीतल्या विश्रामबागेत सेम झालेलं. रोज सकाळी मीटरबॉक्सखाली काळी पिशवी, कुत्र्यांनी फाडलेली, डायपर नि डाळभात सगळा पायऱ्यांवर. ग्रुपवर फोटो टाकून टोमणे मारले तर ज्याचा कचरा नाही तेच भांडायला आले 😄 मग एकदा पिशवीत कुरिअरचं कव्हर सापडलं, त्यावर फ्लॅट नंबर, चेअरमनकाका एकटेच जाऊन बसले त्यांच्याकडे, चहा घेतला, तेव्हा कळलं घरातले दोघं कुपवाड एमआयडीसीत कामाला, घंटागाडी येते तेव्हा घराला कुलूप. खाली झाकणाच्या दोन बादल्या ठेवल्या, ओल्याची नि सुक्याची, झाडूवाल्या मावशींना महिन्याला थोडे जास्त देतो, त्या गाडीत टाकतात. डायपर-पॅड मात्र कागदात गुंडाळून वेगळं, ते गुंडाळूनच टाकायचं हे २०१६ च्या घनकचरा नियमांतही स्पष्ट होतं, ओला-सुका घरातच वेगळा करायचा हेपण. तरी एक महाभाग ऐकत नव्हता, त्याला लेखी नोटीस. दंड लावायचाच तर आधी जनरल बॉडीत, म्हणजे सगळ्या सभासदांच्या सभेत, ठराव करा, ग्रुपवर जाहीर केलेला दंड कोण भरत नाय. आणि पाणी तोडायची धमकी अजिबात नको, उलट तुमच्यावरच शेकेल.