ओवेनचे सोळा खंड आणि तुमची झोप

प्रश्न : ताई, मी चौतीस वर्षांचा आहे. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या वयोवृद्ध पाळकांनी निवृत्त होताना मला सतराव्या शतकातल्या इंग्लंडमधला प्युरिटन (कडक शिस्तीच्या प्रोटेस्टंट पंथाचा) धर्मशास्त्री जॉन ओवेन याच्या समग्र साहित्याचे सोळा इंग्रजी खंड दिले. सगळे वाचून काढायचं मी ठरवलं. रात्री उशिरापर्यंत जागतो, पहाटे चारला पुन्हा बसतो. सहाव्या खंडात येऊन अडकलोय. पानापानावर माझंच पाप दिसतं. मंडळीत भाकर आणि द्राक्षरसाचं प्रभुभोजन घ्यायचाही धीर होत नाही. बायको म्हणते, तुम्ही घरात असून नसल्यासारखे आहात. मुलीशी बोलणंही सुटलंय. पण अर्धवट सोडलं तर देवापासून पळाल्यासारखं होईल. काय करू?

उत्तर : भाऊ, सगळे खंड संपवण्याचं व्रत देवानं तुमच्यावर घातलेलं नाही, आणि ओवेननंही नाही. तो १६८३ साली वारला. तुमच्या कपाटात आहे ती मांडणी विल्यम गूल्ड यांनी १८५० ते १८५५ या काळात केली. ओवेननं कधी वादाला उत्तर म्हणून लिहिलं, कधी मंडळीसाठी, कधी विद्यार्थ्यांसाठी. तुम्ही मात्र ते सगळं सलग, एकट्यानं, अर्धवट झोपेत वाचताय.

सहाव्या खंडाची सुरुवातच पापाला जिवे मारण्याविषयीच्या लेखनानं होते. ते १६५६ साली छापलं गेलं, पण त्याआधी ओवेननं तो विषय ऑक्सफर्डमध्ये प्रवचनांतून मांडला होता. ऐकणाऱ्यांत तरुण विद्यार्थी होते. प्रवचन ऐकून ती मुलं एकत्र जेवायची, बोलायची, दुसऱ्या दिवशी अभ्यासाला लागायची. तुम्हाला अशी उसंतच मिळत नाही.

आता त्याच खंडाच्या शेवटाकडे जा. मधली पानं राहू द्या. तिथे बायबलमधल्या स्तोत्र १३० वरचं विवरण आहे. स्तोत्र आठच ओव्यांचं, पण ओवेन चौथ्या ओवीपाशी थांबतो आणि शेकडो पानं तिथून हलत नाही. ती ओवी सांगते की देवाजवळ क्षमा आहे. पापाविषयी इतकं कठोर लिहिणाऱ्या माणसाला क्षमेविषयी त्याहून किती जास्त सांगायचं होतं, हे पाहा! रोज दोन-तीन पानं पुरेत. तीही दिवसाउजेडी वाचा.

तुम्ही आज जिथे आहात तिथे ओवेन स्वतः काही वर्षं होता. आपलं तारण झालंय की नाही, याची त्याला खात्री वाटत नव्हती. विद्वत्ता भरपूर होती, तिचा उपयोग होत नव्हता. १६४२ च्या सुमारास लंडनमध्ये तो एडमंड कॅलमी या नामवंत उपदेशकाला ऐकायला गेला. कॅलमी आलेच नाहीत, त्यांच्या जागी कुणी अनोळखी उपदेशक उभा राहिला. सोबतचा म्हणाला, दुसरीकडे जाऊ. ओवेन थकला होता, बसून राहिला. उपदेश होता बायबलमधल्या मत्तय ८:२६ वर, वादळात घाबरलेल्या शिष्यांना प्रभूनं विचारलेल्या प्रश्नावर. तिथे त्याच्या मनावरचं ओझं उतरलं. त्या उपदेशकाचं नाव त्याला पुढे कधीच कळलं नाही. म्हणून म्हणते, तुम्ही रविवारी मंडळीत जाऊन बसा. प्रभुभोजनाआधी पाळकांना गाठा आणि मला लिहिलंत ते सगळं त्यांना तोंडानं सांगा. हे टाळू नका.

झोपेचंही ऐका. विद्यार्थी असताना ओवेन रात्री चारच तास झोपायचा असं सांगतात. पुढे शरीर साथ देईना, तेव्हा त्याला त्याचा पस्तावा झाला. दोन आठवडे पुरेशी झोप घेऊनही हीच भीती पाठ सोडत नसेल, तर डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला भेटा. त्यानं विश्वास उणा होत नाही.

आणि घराचं काय? ओवेनला अकरा मुलं झाली, त्यांतली दहा लहानपणीच गेली. मोठी झालेली एकुलती एक मुलगीही पुढे क्षयानं गेली. तुमची लेक शेजारच्या खोलीत आहे, भाऊ. संध्याकाळचा वेळ तिचा.

बायकोला सोबत घेऊन वाचायचं असेल तर जॉन बन्यनचं यात्रेकरूचं पुस्तक (इंग्रजीत ‘पिल्ग्रिम्स प्रोग्रेस’) घ्या, मराठीत ते एकोणिसाव्या शतकापासून आहे. बन्यन भांडी दुरुस्त करणारा माणूस. त्याला आपल्या प्रकाशकापर्यंत ओवेननंच पोचवलं असं मानतात. त्यातल्या ख्रिस्ती नावाच्या यात्रेकरूच्या पाठीवरही ओझं आहे. पाळीपाळीनं मोठ्यानं वाचा, लेकीलाही बसवा.

उरलेले खंड कपाटात राहू देत. खंड देणाऱ्या पाळकांना वाईट वाटेल ही धास्ती असेल, तर त्यांनाच विचारा की त्यांनी स्वतः त्यांतले किती खंड वाचले आणि कोणता पुन्हा पुन्हा उघडला. मग पुढचा तोच घ्या.