मेंदूची निगा: वाचकांचे प्रश्न

वय ६२. रोज शब्दकोडं सोडवतो. तरी नावं पटकन आठवत नाहीत. स्मरणशक्तीची एखादी गोळी सुचवाल का? रक्तदाबाची गोळी चालू आहे. बरं वाटलं की मधेमधे सोडतो.
– एक वाचक, सातारा

पत्रातलं शेवटचं वाक्य आधी घेऊ, कारण खरी अडचण तिथे आहे. मेंदूचं वजन शरीराच्या साधारण २ टक्के, पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी पाचवा हिस्सा तो एकटा घेतो. साठा मात्र जवळजवळ शून्य. रक्त येत राहिलं पाहिजे, बस्स. मेंदूच्या आत खोलवर जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या मोठ्या वाहिन्यांतून थेट फुटतात, त्यामुळे वाढलेल्या दाबाचा मार त्यांना सरळ बसतो. वर्षानुवर्षं असं चाललं की त्यांच्या भिंती जाड होतात, पोकळी अरुंद होते आणि पलीकडचा भाग थोडाथोडा उपाशी राहतो. यात काहीही दुखत नाही. ‘बरं वाटणं’ हे दाब आटोक्यात असल्याचं लक्षण नव्हे. बरेचदा ते गोळीमुळेच असतं.

घरी दाब मोजा, पण नीट. चहा, तंबाखू किंवा मिश्रीनंतर अर्धा तास जाऊ द्या. लघवीला जाऊन या. खुर्चीत पाठ टेकून, दोन्ही पाय जमिनीवर ठेवून (मांडी घालून नको) पाच मिनिटं गप्प बसा. पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या थोडा वर. हात टेबलावर, पट्टा छातीच्या पातळीला. एका मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजा, सकाळी गोळी घेण्याआधी आणि संध्याकाळी. असं सात दिवस. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. ती १३५/८५ किंवा त्याहून जास्त आली, तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. हात लोंबकळत ठेवला, मोजताना बोललात किंवा जाड दंडाला लहान पट्टा लावला, तर आकडा खोटाच वाढतो. मनगटावरचं यंत्र शक्यतो नको.

शब्दकोड्यानं शब्दकोडी चांगली सुटू लागतात, एवढं नक्की. आवडत असेल तर सोडवा. त्यासोबत काही नवं शिकलात, आठवड्याला दीडशे मिनिटं भरभर चाललात आणि ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्र लावलंत, तर जास्त उपयोग. यंत्र लावायला लाजणारे लोक हळूहळू गप्पांतून बाहेर पडतात, तेही मेंदूला महागात पडतं. ‘स्मृतिवर्धक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांवर पैसे घालवू नका.

आईचं तोंड अचानक वाकडं झालं, बोलणं अडखळलं. पंधरा मिनिटांत सगळं पूर्ववत. आता ती डॉक्टरकडे यायला तयार नाही.
– एक वाचक, नांदेड

हे वाचताच आईंना घेऊन निघा. ‘गेलं’ म्हणजे रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी सुटली, एवढंच. ती जिथून आली ते कारण तसंच आहे. पुढच्या पक्षाघाताचा धोका पहिल्या दोन दिवसांत सर्वांत जास्त असतो. तो काळ उलटला असला तरी तपासणी टाळू नका.

पुन्हा असं झालं तर (तोंड वाकडं, एक हात खाली पडणं, बोबडं बोलणं) १०८ ला फोन करा आणि सीटी स्कॅन असलेल्या रुग्णालयातच न्या. जवळचा दवाखाना गाठून तिथून पुढे पाठवण्यात तासभर सहज जातो. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं आणि वेळ मोजतात ती माणूस शेवटचं ठीक दिसल्यापासून. ती वेळ लिहून ठेवा. पाणी, चहा, गोळी, काहीही तोंडात घालू नका. गिळता न आल्यास ते फुफ्फुसात जातं. अ‍ॅस्पिरिनही घरी नको. गुठळी आहे की रक्तस्राव, हे स्कॅनशिवाय कळत नाही आणि रक्तस्रावात अ‍ॅस्पिरिन घातक ठरू शकतं.

आपण मेंदूचा दहा टक्केच वापर करतो, हे खरं का?
– एक विद्यार्थिनी, पणजी

नाही. मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी आहेत आणि झोपेतही सगळे भाग काम करत असतात. त्या कामात अडथळा नको म्हणून परीक्षेच्या आदल्या रात्री जागू नका: दिवसभर वाचलेलं झोपेतच पक्कं होतं.

मी शाकाहारी. दहा वर्षं मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेते. पायांना मुंग्या येतात, विसरायलाही होतं. वयामुळे का?
– एक वाचक, पुणे

वयावर ढकलण्याआधी बी-१२ तपासून घ्या. हे जीवनसत्त्व प्राणिजन्य अन्नातूनच मिळतं. दूध कमी पिणाऱ्या शाकाहारी व्यक्तीत आधीच कमी असतं आणि मेटफॉर्मिन त्याचं शोषण आणखी घटवतं. सोबत थायरॉइडही पाहा. मनानं फक्त फॉलिक अ‍ॅसिड सुरू करू नका: रक्त सुधारलेलं दिसतं, नसांची हानी मात्र आतून चालूच राहते. कमतरता निघाली तर इंजेक्शन की गोळी, हे डॉक्टर ठरवतील. मेटफॉर्मिन स्वतःहून बंद करू नका. उशीर मात्र नको; जुनी झालेली नसांची हानी पुरती भरून येईलच असं नाही.