एचआयव्ही पॉझिटिव्ह लोकांच्या बैठकीला जाऊन खरंच काही होतं का?

तुम्ही लिहिलंय की रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, गोळ्या सुरू झाल्या, घरी कुणाला सांगितलेलं नाही आणि आता रोज उठायचं कशासाठी हेच कळेनासं झालंय. एआरटी सेंटरमधल्या (एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात तिथल्या) समुपदेशक ताई 'आपल्या लोकांच्या बैठकीला या' म्हणतात. तुम्हाला वाटतं, तिथे एकमेकांच्या गळ्यात पडून रडण्यापलीकडे काय असणार?

रडणं असतं, नाही असं नाही. पण त्यापेक्षा गोळ्यांच्या गप्पा जास्त चालतात. मी सातारा जिल्ह्यातली, २००७ मध्ये मिस्टर गेले तेव्हा माझंही कळलं. आमच्या वेळी रक्तातल्या सीडी-४, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशी बऱ्याच खाली आल्याशिवाय गोळ्या सुरू करत नसत. (२०१७ पासून रिपोर्ट आला की पेशी कितीही असोत, उपचार सुरू करतात. तुम्हाला ते थांबणं नाही, हे बरंच.) आणि त्या जुन्या गोळ्यांनी काही जणांचे गाल बसायचे, हातापायांच्या शिरा वर यायच्या. आरशात बघून मी धरूनच चालले होते की आपलं भरत आलं. बैठकीत एका मावशींनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "हे रोगानं नव्हे गं, गोळीनं. डॉक्टरांना सांग, बदलून देतात." त्यांचे स्वतःचेही गाल तसेच होते. डॉक्टरांनी मला काही कमी समजावलं नव्हतं, पण विश्वास बसला तो त्या गालांवर.

माझ्या मते बैठकीचं खरं काम एवढंच आहे. माहिती तुम्हाला सेंटरमध्ये मिळते, मोबाइलवरही मिळते. ती खरी वाटायला मात्र तीच गोळी खाणारं माणूस समोर बसलेलं लागतं. गोळी नियमित घेऊन व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूंचं प्रमाण, 'सापडत नाही' इतका खाली गेला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही, हे तुम्हालाही सांगितलं असेल. मला ते धीर द्यायला म्हणतात असं वाटायचं. मग एक जोडपं भेटलं. ती पॉझिटिव्ह, तो निगेटिव्ह, आणि लग्नाला बरीच वर्षं झालेली. ती हसत म्हणाली, "भांडणं होतात, पण यावरून नाही."

बारीकसारीक गोष्टीही तिथेच कळतात. डबीत कापसाचा बोळा घातला की पर्समध्ये खुळखुळत नाही. लग्नकार्याला चार दिवस जायचं असेल तर गोळ्या कशा न्यायच्या. लग्नासाठी स्थळ आलं तर समोरच्याला कधी आणि कसं सांगायचं. शेवटच्या विषयावर दरवेळी वाद होतो आणि तो ऐकण्यासारखा असतो.

आता 'कशासाठी उठायचं' याबद्दल. बैठकीला जाऊन मला धीर आला, पण उठायला कारण मिळालं ते नंतर. समुपदेशक ताईंनी एकदा विचारलं, एक मुलगी गरोदर आहे, नुकताच रिपोर्ट आलाय, तिच्याबरोबर दवाखान्यात जाशील का? मला बोलायला फारसं जमत नव्हतं. पण तिला कुठल्या खिडकीवर कार्ड काढायचं हेही माहीत नव्हतं, आणि मला माहीत होतं. तिची गोळी सुरू झाली, बाळंतपण दवाखान्यात झालं, बाळाला लागण होऊ नये म्हणून जन्मल्यापासून नेव्हिरॅपिनचं औषध पाजलं. सहाव्या आठवड्याची तपासणी निगेटिव्ह आली, पण शेवटचा निकाल अठराव्या महिन्यात कळतो. तोवर तिच्या बरोबरीनं मीही तारखा मोजत होते. तो रिपोर्टही निगेटिव्ह आला. आज मी हेच काम मानधनावर करते. मानधन बेताचंच आहे, ते सोडा.

सगळे गट चांगले नसतात, हेही सांगते. कुठे एकच जण तासभर भाषण देतो, कुठे 'देवाचं नाव घ्या' एवढंच चालतं. पुरुष आणि तरुण मुलं कमी येतात, त्यामुळे तुम्हाला सुरुवातीला परकं वाटेल. पहिल्या वेळी सेंटरमधून गोळ्या आणायच्या तारखेलाच बैठक असेल तर जा, म्हणजे वेगळी सबब सांगावी लागणार नाही. नाव सांगायची सक्ती नसते, बोलायचीही नाही. गर्दी नको असेल तर ताईंना सरळ म्हणा, माझ्या वयाच्या, नोकरी करणाऱ्या एका माणसाशी गाठ घालून द्या.

ओळखीचं कुणी दिसेल ही भीती खरी आहे. पण तिथे दिसणारा माणूसही त्याच कामाला आलेला असतो, तो कुणाला काय सांगणार? शिवाय २०१७ चा एचआयव्ही कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. दवाखाना असो वा ऑफिस, संमतीशिवाय तुमची स्थिती उघड करता येत नाही, आणि फक्त पॉझिटिव्ह आहे म्हणून कामावरून काढता येत नाही.

आणि एक विचारते, राग मानू नका. 'उठावंसं वाटत नाही' याच्या पुढचं काही मनात येतं का? येत असेल तर बैठकीची वाट बघू नका. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आत्ताच लावा, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. एचआयव्हीबद्दल काही विचारायचं असेल तर १०९७ ही हेल्पलाइन आहे. आणि गोळी चालू ठेवा, मन नसेल त्या दिवशीही.